पांढऱ्या पंखांचं हरीण

दादाच्या कार्डांना घरात कुणी हात लावायचा नाही, असा दंडकच होता. एका काल्पनिक युद्धाच्या खेळातली, चित्रविचित्र प्राण्यांची कार्डं ती. त्यातही त्याला फक्त फॉइलची हवी असत. कार्ड जरा कलतं केलं की प्राण्याच्या अंगावरून रंग सरकत जायचे. नोकरीला लागला तरी हा घोडा नव्या कार्डांची पाकिटं फोडतच बसायचा. आई वैतागून म्हणायची, "याचं लग्न त्या ड्रॅगनशीच लावून द्या."

"तिकडची मंडळी कधीची तयार आहेत," दादा म्हणायचा.

फॉइलची कार्डं दमट हवेत वाकतात. म्हणून अल्बमवर तो कायम एक जाडजूड शब्दकोश ठेवायचा. अल्बमच्या शेवटच्या पानावर एकच खिसा रिकामा होता, पांढऱ्या पंखांच्या हरणाचा. शेवटच्या आजारात, दवाखान्यात बोलायला दम पुरत नव्हता, तरी मला विचारायचा, "हरीण मिळालं का गं?" मिळालं नाही. दादा गेला.

मग मी हट्टालाच पेटले. माझ्या नाकावर राग, पण एका अनोळखी छंदिष्टाच्या हातापाया पडून मी ते हरीण मिळवलं. आज ते त्या खिशात घालायचं, एवढंच डोक्यात घेऊन घरी आले.

टेबलावर अल्बम उघडा होता. सगळे खिसे रिकामे. शेजारी बाबांच्या दुकानातलं लॅमिनेशनचं मशीन, आणि प्लास्टिकमध्ये बंद झालेल्या कार्डांची चळत.

"वाकायला लागली होती गं," बाबा म्हणाले. "मी रोज बघायला काढायचो, शब्दकोश परत ठेवायचं राहून जायचं. आता कायमची सरळ राहतील."

मी एक कार्ड उचललं. उष्णतेनं फॉइलवर बारीक फोड आले होते. कलतं केलं, पुन्हा केलं. एकही रंग सरकला नाही. दादाच्या बोटांचे ठसेसुद्धा त्या प्लास्टिकखाली वितळून गेले असतील, या विचारानं माझं डोकंच फिरलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे उद्योग करायला?"

बाबांनी एक कार्ड डोळ्यांजवळ नेलं. हळूच म्हणाले, "चमक थोडी उतरली का? मला हल्ली नीट दिसत नाही."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझा अंगठा प्लास्टिकच्या कडेवरून फिरला. प्रत्येक कार्डाचे चारही कोपरे कापून गोल केले होते.

"हे कशाला केलंत?"

"त्याच्या शाळेच्या ओळखपत्राला करायचो ना. टोक छातीला टोचतं म्हणून रडायचा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. उरलं ते फार वाईट होतं. ही कार्डं प्लास्टिकमुळे मोठी झाली होती, आता कुठल्याच खिशात मावणार नव्हती. मी पर्समधून हरीण काढलं आणि त्याच्या खिशात सरकवलं. बरोब्बर बसलं. एवढ्या मोठ्या अल्बममध्ये ते एकटंच. मला ते बघवेना.

मी ते पुन्हा बाहेर काढलं. एकदा कलतं करून पंखांवरचे रंग डोळे भरून पाहिले.

"बाबा, हे एक राहिलंय."

"हरीण? मिळालं?" त्यांनी हात पुढे केला. "करू यालाही?"

"करा."

मशीनमधून ते फिकट होऊन बाहेर आलं. बाबांनी कात्रीनं चारही कोपरे गोल केले आणि टोचत नाही ना, हे आपल्या छातीवर घासून पाहिलं.