अस्वलाचा आवाज

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. चूक माझीच आहे, आणि आपलीच लाज आपण कशाला वेशीवर टांगायची?

मी भिंतीवर टीव्ही बसवायचं काम करतो. भोकं पाडायची, पट्टी ठोकायची, टीव्ही लटकवायचा. लोक विचारतात, हे सीडींचं कपाट ठेवू का? मी म्हणतो, काढा हो, सगळं अ‍ॅपवर आहे. दिवसातून चारदा म्हणतो. माझा मित्र बारक्या, चांगला सहा फुटी, त्यालाही तेच म्हणालो.

बारक्याचे वडील डबिंग करायचे. गर्दीतला माणूस, हवालदार, असलंच. एकदाच मोठं काम मिळालं, कार्टूनच्या पिक्चरमध्ये अस्वलाचं. काका जाऊन दोन वर्षं झाली. काकूंना आता नीट दिसत नाही, पण कान तिखट आहेत.

त्याच्या घरचं कपाट काकूंना न विचारता मीच रिकामं केलं. अस्वलाचं चित्र असलेली डबी तेवढी ठेवली, बाकी तीन पोती भंगारात.

दीड महिन्यानं एका रविवारी काकू म्हणाल्या, "लावा रे ते अस्वल." अ‍ॅपवर लावलं. पिक्चर तोच, आवाज भलताच. नव्यानं डबिंग केलंय.

"हा कोण मेला?" काकू म्हणाल्या. "अस्वल आहे का बँकेतला साहेब?"

हसलो आम्ही. मग ती डबी उघडली. आत टायपिंग शिकायची सीडी.

"अरे, खोडच होती त्यांची," काकू म्हणाल्या. "पाहुणे मागून नेतात, परत देत नाहीत. म्हणून आवडती सीडी मुद्दाम दुसऱ्याच डबीत घालायचे. बघा ना बाकीच्या डब्यांत."

बारक्यानं माझ्याकडे बघितलं. "बघतो आई. पण प्लेअर बिघडलाय. दुरुस्त करून आणतो."

भंगारवाला म्हणाला, त्या सीडींचा कधीच भुगा झाला. सीडीची जुनी दुकानं शोधली, बहुतेक बंद पडली होती. अ‍ॅपवाल्यांना मेल टाकला. उत्तर आलं, नव्या आवृत्तीचा आनंद घ्या.

काल माझ्या टेम्पोत बसलो होतो. बारक्या म्हणाला, "आई रोज विचारते, प्लेअर आला का? कधी पार्ट मिळत नाही म्हणतो, कधी मेकॅनिक आजारी. त्याला तरी किती आजारी पाडू?"

"शिव्या दे ना मला."

"दमलोय रे. नंतर देईन."



"मी एकसुद्धा डबी उघडून बघितली नव्हती," मी म्हणालो. "हे काकूंना मीच सांगतो. तू मध्ये पडू नकोस."

"रडेल ती."

"माहितीये. तरी उद्या संध्याकाळी येतो. शब्द देतो तुला, ऐन वेळी फोन करून टाळणार नाही."