कवळी घासावी, जबडा नव्हे

लोकांच्या तोंडात दात बसवण्यात कवळीवाल्याचं उभं आयुष्य गेलं होतं आणि स्वतःच्या गिटारमध्ये सहा पिना बसवताना मात्र तो तोंडावर आपटला. हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागलं नाही. आपल्या मूर्खपणाचा पत्ता त्याला सगळ्यांच्या आधी लागायचा. फक्त तोवर मूर्खपणा करून झालेला असायचा.

झालं होतं असं, की बायकोच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. गाठ साधी आहे, पण काढायला हवी, असं सर्जनबाई म्हणाल्या. आवाजाची नस तिथूनच जाते, आम्ही तिला जपतोच, बहुतेक काही होत नाही, पण वरचे सूर पूर्वीसारखे लागतीलच असं लिहून देता येणार नाही, असंही म्हणाल्या. बायकोने ते निमूट ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर एकच मागणं मागितलं. लेक लहान असताना तिला झोपवायला ती एक अंगाई म्हणायची. शब्द तिचे, चाल ह्याची आणि साथीला गिटारही ह्याचीच. लेक आता दूर होती आणि तिला दिवस गेले होते.

"माझा आवाज आहे तोवर अंगाई एकदा पूर्ण रेकॉर्ड करून ठेवू," बायको म्हणाली. "नातवंडाला आजीचा खरा आवाज कळू दे. गुरुवारी ॲडमिट व्हायचंय, त्याच्या आधी करू."

"एवढंच ना? उद्या करून टाकू," कवळीवाला म्हणाला.

आणि झालंही असतं. फोन होता, गिटार होती, गाणारी तर समोरच बसली होती. पण त्या संध्याकाळी मेहुणा आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं, त्यामुळे सगळ्याच वाद्यांबद्दल त्याची मतं ठाम होती. त्याने गिटार ऐकली आणि तोंड वाकडं केलं. "भावोजी, हिच्या पिना प्लास्टिकच्या आहेत ना? तिथेच घोडं पेंड खातंय."

गिटारच्या पोटावर एक लाकडी पट्टी असते, तिला ब्रिज म्हणतात. तारेच्या टोकाची गोळी तिथल्या भोकात सोडायची आणि वरून बुचासारखी पिन दाबायची, म्हणजे तार निसटत नाही. मेहुण्याचं म्हणणं, की आवाज लाकडात उतरतो तो ह्या पिनेच्या अंगातून. हाडाची पिन लावली की गोडवा येतो, आबनुसाच्या काळ्या लाकडाची लावली की भारदस्तपणा येतो आणि पितळेची लावली की विचारूच नका.

दुसरा कुणी असता तर त्याने हसून, चहा पाजून मेहुण्याला वाटेला लावलं असतं. पण कवळीवाल्याचं कामाचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. प्लास्टरचे जबडे, मेणाचे तुकडे, घासायची छोटी मोटर, तिला लावायची केसाएवढी बारीक पाती, सगळं हाताशी. शिवाय अंगाईच्या तिसऱ्या ओळीवर कॉर्ड बदलताना त्याची बोटं कायम अडखळायची. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याला मनातून ठाऊक होतं. तरी दोष बोटांत निघण्यापेक्षा पिनेत निघालेला त्याला केव्हाही परवडला असता.

पहिल्या पिना त्याने कवळीच्या हिरड्यांसाठी असतो त्या गुलाबी मसाल्याच्या केल्या. पॉलिश असं केलं की तोंड दिसावं.

"अगंबाई, गिटारला हिरड्या फुटल्या," बायको म्हणाली, पण गायला बसली. पहिली ओळ झाली आणि ह्याने हात वर केला. "थांब. पुढे नको. आधी आवाज ठरू दे."

मग हाडाच्या झाल्या. हाड खाटकाकडून आणून त्याने दुधाच्या पातेल्यात उकळलं आणि ते पातेलं त्याच दिवशी घराबाहेर गेलं. मग जुन्या खुर्चीचा पाय कापून शिसवीच्या झाल्या. दर वेळी बायकोने पहिली ओळ म्हणायची, ह्याने ती फोनवर घ्यायची आणि कानात इअरफोनची बोंडं घालून समाधी लावायची.

"ऐक, ऐक! हाडात खर्ज कसा भरून येतो बघ."

"मला दोन्ही सारखंच वाटतंय हो."

"तुला कानच नाहीत," कवळीवाला म्हणाला. जी बाई इतकी वर्षं सुरात गात आली होती तिला हे त्याने ऐकवलं, आणि वर तिच्याकडे दयेने पाहिलं. खरं सांगायचं तर फरक होता. मुंगीने शिंकावं इतका होता, पण होता. आणि माणसाला वेड लागायला तेवढा पुरतो.

"पुढची ओळ म्हणू का?" ती रोज विचारायची.

"उद्या," तो रोज सांगायचा.

शेवटी मेहुण्याने कुठून तरी पितळेच्या पिना पैदा केल्या. त्या जाड निघाल्या, भोकात जाईनात. पितळ घासायला वेळ लागतो, लाकूड लोण्यासारखं निघतं. कवळीवाल्याने मोटर सुरू केली आणि गिटारची भोकंच मोठी केली.

आता ह्या धंद्यातला पहिला धडा असा, की कवळी टोचते म्हणून कुणी आलं तर कवळी घासायची असते. पेशंटचा जबडा घासून दिल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. हा धडा कवळीवाल्याने शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात घालून घालून बसवला होता. त्याच्या स्वतःच्या डोक्यात तेवढी जागा उरली नसावी.

पितळेच्या पिनांवर तारा अशा दणदणल्या की बायको पहिल्याच ओळीत थांबली. "ह्यात मी कुठे आहे? देवळात घंटा चालल्यात आणि मागे कुणीतरी बाई गातेय. त्या जुन्या पिना लावा बघू."

कवळीवाल्याने जुन्या पिना लावल्या. त्या भोकांत अशा पडल्या, जशी विहिरीत बादली. आणि तो बुधवार होता. दुपार उलटून गेली होती आणि पलंगावर हॉस्पिटलची पिशवी भरून तयार होती.

त्याने पिनांना कागद गुंडाळला. पाच कशाबशा बसल्या. सहावी, जाड तारेची, त्याने जीव खाऊन दाबली आणि तार पिळायला घेतली. तार सुरात यायला आणि पिन सुटायला एकच गाठ पडली. ती उडाली ती थेट मेहुण्याच्या कपाळावर.

"प्लास्टिकची होती म्हणून वाचलो," मेहुणा कपाळ चोळत म्हणाला. "पितळेची असती तर ताईच्या आधी माझंच ऑपरेशन झालं असतं." एवढं बोलून तो गोंद आणायला बाजारात गेला.

"पितळेच्या परत लावतो," कवळीवाला म्हणाला. "आत्ता लावतो."

"आणि मग परत काढाल." बायको त्याच्या समोर स्टूल ओढून बसली. "अहो, खरं सांगा. तुम्हाला हे रेकॉर्ड करायचंय का?"

अशा वेळी तो स्वतःवर एखादा विनोद करून सुटायचा. आज एकही सुचेना.

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे करायचंय गं. पण एकदा ते फोनमध्ये गेलं, की मग तुझा आवाज गेला तरी चालेल, असं मीच कबूल केल्यासारखं होईल. मला नाही चालणार. मला फार भीती वाटते."

"आणि मला वाटत नाही?"

हातातली पितळेची पिन त्याने खाली ठेवली.

"घरात गळा कुणाचा कापणार आहेत?" ती म्हणाली. "मी रोज गायला बसते आणि तुम्ही एका ओळीवर मला गप्प करता. रात्री पडल्या पडल्या मी पुढच्या ओळी मनातल्या मनात म्हणते. तुम्ही तारांचं सगळं विचारलंत. माझं एकदा तरी विचारलंत?"

विचारलं नव्हतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललं होतं. कवळीवाल्याला स्वतःची लाज वाटायची सवय होती, पण ती लाज गमतीची असायची, चारचौघांत सांगून टाळी घ्यावी अशी. ही तशी नव्हती. त्याने नुसतं नाक पुसलं.

बायकोने स्टूल आणखी पुढे घेतलं, गुडघ्याला गुडघा लागला. सहावी पिन तिने स्वतः भोकात घातली आणि वर अंगठा दाबून धरला. "आता लावा तार. आणि वाजवा."

"अंगठ्याने आवाज दबेल."

"दबू दे."

फोन प्लास्टरच्या एका जबड्याला टेकून उभा केला आणि त्याने सुरुवात केली. गिटार इतकी वाईट आजवर वाजली नव्हती; उशीवर थापट्या माराव्यात तशी वाजत होती. बायको गायला लागली. त्याला पहिल्या ओळीच्या पलीकडचं ऐकून कितीतरी दिवस झाले होते. दुसरी ओळ आली, तिसरी आली आणि त्याची बोटं ठरल्याप्रमाणे अडखळली. बायकोने सूर तिथेच लांबवला, त्याची बोटं जागेवर येईपर्यंत धरून ठेवला आणि मग त्याला घेऊन पुढे गेली.

चालच तशी आहे, असं तो इतकी वर्षं समजत होता. चाल त्याचीच होती आणि त्यात तिथे थांबायला जागा नव्हती. लेक पाळण्यात असल्यापासून ही बाई त्या जागी त्याच्यासाठी थांबत आली होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. त्याला समोरचं धूसर दिसायला लागलं, पण हात चालू राहिला.

शेवटची ओळ वरच्या सुरावर होती. ती तिने पूर्ण म्हटली, नीट म्हटली आणि डोळे मिटले. गाणं संपलं. कवळीवाला थांबला नाही, तोच ठेका पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. दारात मेहुणा गोंद घेऊन येऊन उभा होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही मत नव्हतं.

"झालं की हो गाणं," बायको हळूच म्हणाली.

"तू अंगठा काढ," तो म्हणाला, "मग मी थांबतो."

तिने अंगठा काढला नाही.