शिंपल्यांची चाल

सूर निष्पाप असतात. पाप असतं ते शब्दांत. चाल म्हणजे वाहतं पाणी, ज्या भांड्यात ओताल त्या भांड्याचं होणार. तिला ना कुळ, ना चारित्र्य. मालाकाईचं हे तत्त्वज्ञान मोठं उदात्त होतं, आणि ते त्याला पुरुषांच्या काव्हाच्या बैठकीत, त्या गुंगी आणणाऱ्या मुळीच्या रसाच्या बऱ्याच करवंट्या रिचवून जिभेला मुंग्या आल्यावर सुचलं होतं.

सुचायला कारणही तसंच होतं. तोंगा देशाच्या वावाऊ बेटावर, आपल्या गावच्या चर्चमध्ये तो गानवृंदाचा मास्तर. चर्चची वार्षिक परिषद आणि तिथली गावोगावच्या गानवृंदांची स्पर्धा तोंडावर आलेली, पाळकांनी पश्चात्तापावरचं स्तोत्र लिहून दिलेलं, आणि मालाकाईला चाल काही सुचत नव्हती. गुणगुणायला बसला, की त्याची बायको लाविनिया चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायची, "ही गेल्या वर्षीची." थोड्या वेळाने, "ही त्याच्या आदल्या वर्षीची."

आणि त्या बैठकीत गानवृंदात खर्ज लावणाऱ्या पोलुटेलेने गिटार उचलून आपलं शिंपल्यांचं गाणं म्हटलं. गाणं त्यानेच रचलेलं. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर वाकून शिंपले वेचणारी एक बाई, एवढाच विषय. गाण्यात वरवर पाहता शिंपल्यांखेरीज काही नव्हतं. पण शिंपल्यांविषयी कुठल्या पुरुषाने इतक्या तळमळीने बोलावं? बेटावरच्या झाडून सगळ्या पुरुषांना ते पाठ होतं आणि बैठकीच्या बाहेर कुणी ते ओठांवर आणत नव्हतं. आणायची सोयच नव्हती. भावाबहिणीच्या कानांवर असली गोष्ट एकत्र पडू नये, हा तोंगातला पहिला कायदा. त्यात चुलत, मावस, आते, मामे सगळ्या बहिणीच. बैठकीत काव्हा वाढायला बसलेली मुलगी लांबची बहीण निघाली, तरी माणूस दारातूनच चपला घालून परत जातो.

पण चाल मात्र सुरेख होती. मालाकाईने ती उचलली, संथ केली, दुसऱ्या दिवशी तिकडच्या रीतीप्रमाणे सुरांच्या जागी आकडे लिहून फळ्यावर मांडली. फळ्यावर काय, तीन, पाच, सात. आकड्यांना कुठे शिंपले असतात?

तरी हुशारी म्हणून त्याने एक खबरदारी घेतली. गाणं पुरुषांना पाठ, म्हणून चाल त्यांच्या तोंडी द्यायचीच नाही. पुरुषांना नुसता खर्ज आणि मधला भरणा. चाल वरच्या पट्टीत, बायकांकडे. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! बायकांची तालीम वेगळी, पुरुषांची वेगळी, त्यामुळे पहिले काही दिवस सुखात गेले. बायकांत पुढे उभी होती त्याची थोरली बहीण लूसेआने. घरात तिचा शब्द अखेरचा. मालाकाई तिच्याशी अहोजाहो करून, नजर पायांकडे ठेवूनच बोलायचा. ती म्हणाली, "चाल छान बांधलीस हो. उचलली की घशात बसतेच." मालाकाईने ते कौतुक निमूटपणे घेतलं आणि खडू उचलून पुढची ओळ मांडली.

मग दोन्ही बाजू एकत्र उभ्या राहिल्या.

बायकांनी पहिली ओळ उचलली आणि खर्जाच्या रांगेत भूकंप झाल्यासारखं झालं. पोलुटेलेचा आ वासलेला तसाच राहिला. त्याच्या तीन बहिणी समोर उभ्या राहून, डोळे मिटून, अत्यंत भाविकपणे त्याचे शिंपले वेचत होत्या. एकेक पुरुष गप्प होत गेला. कुणी खोकलं, कुणी बुटाची नाडी बांधू लागलं; त्यातल्या एकाच्या बुटाला नाडीच नव्हती.

"काय रे," लूसेआने म्हणाली, "सगळ्यांच्याच घशात एकदम माशाचा काटा अडकला?"

कारण सांगायचं तर गाणं सांगावं लागणार, आणि समोर बहिणींची रांग.

तालीम संपल्यावर पुरुषांनी मालाकाईला पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

"नालायका, माझ्या बहिणींच्या तोंडी दिलंस ते?" पोलुटेले दातओठ खात म्हणाला.

"शब्द तर पाळकांचे आहेत ना?"

"आणि माझ्या डोक्यात कुणाचे वाजतात? पाळकांचे?"

"तू लक्ष देऊ नकोस."

"मीच रचलंय, लेका! मी लक्ष कसं देऊ नको?"

"तुझी ताईपण गातेय की," दुसरा कुणीतरी म्हणाला. "तुला काही वाटत नाही?"

मालाकाईला वाटत होतं. खरं तर दुसरं काहीच वाटत नव्हतं. ज्या बहिणीसमोर त्याने जन्मात कधी मोठ्याने जांभई दिली नव्हती, तिच्या तोंडी त्याने स्वतःच्या हाताने ही घाण घातली होती, आणि वर तिचं कौतुक घेतलं होतं.

त्याने चालीला वेषांतर करवून पाहिलं. बँडवाल्यांसारखी कवायतीच्या ठेक्यात बसवली, तर शिंपले कवायत करू लागले. तीन मात्रांत घातली, तर झोके घेऊ लागले. रेगेच्या ठेक्यावर बसवली, तर शिंपल्यांना कंबर फुटली. आणखी संथ केली, तेव्हा तर एकेक शिंपला नीट न्याहाळायला सवड मिळू लागली. ठेका बदला, पट्टी बदला, वाद्यं बदला, बया आपली तीच. शेवटी त्याने फळ्यावरचे दोन आकडे पुसून वेगळे लिहिले. लूसेआनेने फळ्याकडे पाहिलं, म्हणाली, "पाचाचा सहा कुणी केला? वेड लागलंय का?" आणि आधीसारखंच गायली. तिच्या मागे सगळ्या बायका.

"का बदलायचं? कारण सांग," ती म्हणाली.

मालाकाई तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "तसं काही नाही, ताई. तुम्ही म्हणाल तसं."

परिषदेच्या दिवशी चर्च खच्चून भरलं होतं, बेटभरातून माणसं आलेली. बायकांनी स्तोत्र उचललं, आणि त्या विशाल चर्चमधल्या यच्चयावत पुरुषांच्या माना ओहोटीसारख्या खाली गेल्या. गावोगावचे पोलीस, मास्तर, बोटींचे तांडेल, सगळे हनुवट्या छातीला लावून बसले. गाणाऱ्या पुरुषांचा आवाज तर बुटांतच शिरला होता. पाळकही अधूनमधून बैठकीला येत. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. परगावचे अध्यक्ष मात्र गहिवरून म्हणाले, की पश्चात्तापाचं असं दर्शन आपल्याला आजवर घडलं नव्हतं.

ते खरंच होतं. फक्त तो पश्चात्ताप सगळ्यांत जास्त कुणाचा होता, ते त्यांना ठाऊक नव्हतं. चर्चला जाताना मानाने कंबरेला गुंडाळायची मालाकाईची चटई घामाने भिजली होती.

घरी येऊन तो जेवलाच नाही. लाविनियाला म्हणाला, "ताईंकडे जा. सांग, मी मास्तरकी सोडली. का, ते विचारू नका म्हणावं."

"का?"

"तुलाही नाही सांगता येणार."

"शिंपल्यांमुळे?"

मालाकाई आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचंय काय त्यात? चटया विणायला बसलो की आम्ही तेच गातो. हात झरझर चालतो." लाविनियाने त्याच्यापुढे मासा सरकवला. "दोनच कडव्यांत कंटाळा येतो, म्हणून तुझ्या ताईंनी तिसरं रचलंय. पुरुषांच्या दोन्हींपेक्षा फक्कड आहे. म्हणून दाखवू?"

"नको!" मालाकाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. पण जे ऐकायचं नव्हतं, ते आत गेलंच होतं. इतके दिवस त्याला वाटत होतं, की आपण बहिणीला नकळत विटाळलं. आता तर तिच्याविषयी कुठल्याही भावाने जाणू नये ते तो जाणून बसला होता, आणि चूक तिची म्हणायची तर तेही मोठं पाप. अपराध होता तेवढाच राहिला, वर आणखी एक चढला. क्षमा मागायची तर दोन्हींची मागता येत नव्हती.

"मग राजीनाम्याचं काय सांगू?" लाविनियाने विचारलं.

"काही सांगू नकोस," तो म्हणाला आणि मासा खायला लागला.

सोमवारी निकाल लागला. सहा गावांत त्यांचं गाव सहावं आलं. परीक्षकांचा शेरा होता: पुरुषांचे आवाज ऐकू आले नाहीत.