रिकामा ओ

"कुणी घातला हा पाव?" प्रूफचा कागद फडफडवत चित्रकार ग्लाफिरा लुक्यानोव्ना झाव्यालोवा छापखान्यात शिरली ती ओरडतच.

जुळारी येफिम चौकटीत पाचर ठोकत होता. मान वर न करता म्हणाला, "बाई, मी खिळे जुळवतो, भट्टी लावत नाही. पाव वरून आलाय."

वरून म्हणजे वरच्या मजल्यावरून, संपादक इनोकेंती लव्होविच यांच्याकडून.

पुस्तक होतं बाराखडीचं, व्होल्गाकाठच्या दुष्काळातल्या पोरांसाठी. ग्लाफिराने त्यात कुंचला म्हणून लावला नव्हता. सगळी चित्रं खिळ्यांची, पितळी पट्ट्यांची, ठिपक्यांची. रशियन लिपीतलं सहा पायांचं झ म्हणजे झूक, भुंगा. छपरासारखं द म्हणजे दोम, घर. आणि ओ? ओ हे निव्वळ वर्तुळ. ओ म्हणजे ओबेद, जेवण. जाहिराती छापायचा मोठा लाकडी ओ तिने पानाच्या मधोमध ठेवला होता, एकटा, काळाभोर. आत काही नाही. रिकामी ताटली. आता त्या ताटलीत वाफाळणारा पाव बसला होता, वर खसखशीसकट!

इनोकेंती लव्होविच जिना उतरून आले. माणूस वाईट नव्हे हो, पण भित्रा. भित्र्या माणसाचा चांगुलपणा फार लवकर दमतो.

"ग्लाफिरा लुक्यानोव्ना, चिडू नका. उपाशी पोरांच्या हातात रिकामी ताटली द्यायची? निदान कागदावर तरी पाव दिसू दे त्यांना."

"कागदावरचा पाव!" तिचा आवाज चिरकला. "गेल्या हिवाळ्यात व्होल्गाकाठी समाराला मी उपाशी पोरांना पेज वाढत होते, तेव्हा तुम्ही कुठे होता? तिथे भिंतीवर एक जाहिरात लावली होती, मॉस्कोहून आलेली. असाच गुबगुबीत पाव. उस्त्या नावाची पोरगी, एवढीशी, ती भिंतीला तोंड लावून उभी. मला वाटलं, मुका घेतेय. ती चाटत होती, इनोकेंती लव्होविच! आधी लाल शाई चाटली, मग कागद फाडून मागची खळ. खळ पिठाची असते ना. जीभ लालभडक झाली होती तिची. आणि माझ्याकडे बघून म्हणते कशी, मावशी, हा पाव खोटा आहे, पण मागे थोडा खरा आहे."

येफिमने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"मी नाही त्यांना दुसऱ्यांदा फसवणार. त्या पोरांना ताटली ओळखू येते. रिकामी असली तरच ओळखू येते!"

असं म्हणून तिने येफिमच्या हातची किल्ली हिसकावली, पाचरा सैल केल्या आणि पावाचा ठोकळा नखांनी उपटून मुठीत घेतला. ओ पुन्हा मोकळा झाला.

संपादकांचा चेहरा पडला. "आणि उद्या मला कुणी विचारलं, सरकारी पुस्तकात ही उपासमार कुणी मांडली, तर? उत्तर मी देऊ?"

"अस्सं! म्हणजे दुखतंय ते इथे. पोरांचं पोट राहिलं बाजूला. येफिम, जाडे खिळे घे. सगळ्यांत जाडे. लाव: ही ताटली रिकामी ठेवली ग्लाफिरा झाव्यालोवाने."

"कुठे लावू, बाई? तळाला बारीक?"

"तळाला कशाला? मी काय लपतेय? इथे, ओच्या शेजारी. आणि आडवं नको, तिरपं लाव."

तिरपी ओळ चौकटीत बसवणं म्हणजे कटकट. शिव्या देत, लाकडाच्या चिपा खुपसत येफिमने ती बसवली. शाई फिरवली, कागद दाबला, उचलला.

तिघेही बघत राहिले. काळं वर्तुळ, आणि त्याच्या कडेला टेकलेली लांब, जाड, तिरपी ओळ.

"च्यायला," येफिम पुटपुटला. "हा तर चमचा झाला."

"मग काय, उलथनं व्हायला हवं होतं?" ग्लाफिरा फिसकारली. राग अजून उतरला नव्हता.

संपादकांनी ते नाव दोनदा वाचलं. घसा खाकरला. "तुमची जबाबदारी आहे ही."

"मोठ्या अक्षरात लिहिलंय ना? चष्मा लावा."

"छापा," ते येफिमला म्हणाले, खालच्या आवाजात.

ग्लाफिराच्या मुठीत ठोकळा तसाच होता. शेगडीत नाहीतर कोपऱ्यात भिरकावून द्यायचा म्हणून तिने हात उगारला, आणि हात वरच थांबला. चर्चमध्ये ती कित्येक वर्षं गेली नव्हती. पण लहानपणी आजीने पाव कधी उलटा ठेवू दिला नव्हता, खाली पडलेला तुकडा उचलून कपाळाला लावायला शिकवलं होतं. लाकडाचा झाला म्हणून काय झालं? पाव फेकवेना.

तिचे डोळे भरून आले, तसा तिला आणखीच राग आला. तिने इनोकेंती लव्होविचांचा हात ओढला, तळव्यावर तो ठोकळा नीट सुलटा ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटली.

"हा घ्या," ती म्हणाली. "खा. मी उभी आहे इथे."