सातशे वीसांतली एक

मी जीवराम नानांच्या रक्तातली एक पांढरी पेशी बोलतेय, लिम्फोसाइट जातीची. हाडाच्या मज्जेत जन्मले. जंतू दिसला की ओळखायचा आणि त्याच्यावर धावून जायचं, एवढंच मला येतं.

नाना जळगावजवळच्या असोद्याचे, केळीचे शेतकरी. दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस. यंत्राच्या नळ्यांतून फिरून अंगात परतेपर्यंत दर वेळी मला भीती वाटते.

पण खरी भीती घरात शिरली होती. नानांच्या पत्नीला, शेवंताबाईंना, कुणीतरी सांगितलं की डाळीनं, दुधानं रक्तात विष चढतं. त्यांनी एकेक करून सगळं बंद केलं. दोन्ही वेळा नुसती पातळ पेज. नाना आणखी मागायचे. त्या डोळे पुसत ताट उचलायच्या. इकडे आमच्यात नव्या बहिणी जन्मेनाशा झाल्या. रक्तातून कितीही वाहत गेलं तरी ओळखीचं कुणी भेटेना.

गेल्या महिन्यात डायलिसिससाठी मानेत बसवलेल्या नळीवाटे जंतू घुसले. आम्ही धावलो, पण आम्ही होतोच किती! नाना तापानं हुडहुडले. औषधांनी वाचले, आमच्यानं काही झालं नाही.

मग रक्त तपासलं. आहार ठरवणाऱ्या पुनम मॅडमनी रिपोर्ट शेवंताबाईंपुढे धरला.

"अक्का, खसखशीएवढ्या थेंबात या लिम्फोसाइट पेशी हजाराच्या वर हव्यात. नानांच्या सातशे वीसच आहेत. रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, तेही उतरलंय, दंड बघा किती वाळलेत. नानांच्या अंगाला अन्नच मिळत नाहीये."

"पन वजन तं तेवढंच हाये!"

"ते पाणी आहे, अक्का. मांस गेलं, त्या जागी पाणी साठलं."

शेवंताबाईंनी नानांचा दंड चाचपला. "मी तं त्याहिले जपत व्हती वो माय..."

"डायलिसिसवर प्रथिनं जास्त लागतात. अंड्यातलं पांढरं द्या."

त्या घरात अंड्याला कधी कुणी शिवलं नव्हतं. शेवंताबाईंनी मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या, जुन्या पातेल्यात अंडी उकडली.

नाना बघतच राहिले. "तू उकडलं?"

"व्हय. खा."

अर्धं गिळलं, अर्धं उलटून पडलं.

आज अंड्याचा पाचवा दिवस. सकाळपासून नानांचं अंग कढत लागतंय. जंतू आलाय की नुसतं बाहेरचं ऊन, मला अजून कळत नाही. शेजारी विचारावं, तर कुणी नाही.

शेवंताबाई घास हातात धरून बसल्यात. मी आतून म्हणतेय, तोंड उघडा, नाना.