निवट्यांच्या कालवणाचं नाव

चंद्रभागाबाईंनी मनाशी हिशेब मांडला तेव्हा जमेची बाजू भरगच्च होती. कोलशेतच्या नाक्यावर भाचीच्या नव्या खानावळीवर पाटी लागली होती, ‘चंद्रभागा आत्याचं निवट्यांचं कालवण’. उद्घाटनाला पुढची खुर्ची, अंगावर शाल, आणि सगळ्यांत रोकडा नफा म्हणजे जाऊ शुभदाचा पडलेला चेहरा. खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती. चंद्रभागाबाईंनी जन्मात निवटीला हात लावला नव्हता.

खाडीच्या चिखलात उड्या मारणारी ती बुळबुळीत, डोळे वटारलेली मासळी बघितली की त्यांच्या अंगावर काटा यायचा. नव्या नवरीची हे सासूला सांगायची छाती झाली नाही. मग नवऱ्याने, गुणाजीने, मागच्या दारी बसून निवट्या राखेत घोळल्या, साफ केल्या, कालवण रांधलं आणि टोप गुपचूप बायकोच्या हातात दिला. हळदीच्या मांडवात गावजेवणाचं मटण रांधताना हाच गुणाजी पळा मिरवत फिरायचा. घरच्या चुलीपुढे मात्र तो कधी कुणाला दिसला नाही. कालवणाचं गावभर नाव झालं ते बायकोचं, आणि ते ज्याचं त्याला द्यायचं राहूनच गेलं.

कोपरीहून सुट्टीत येणारी भाची करिश्मा या कालवणापायीच चुलीच्या नादाला लागली. पुढे रीतसर शिकली, हॉटेलांत राबली, आणि आता ही स्वतःची खानावळ.

शाल मिळाली, टाळ्या झाल्या. चंद्रभागाबाई टेकणार तोच शुभदा उठली.

“जाऊबाई, शाल ठेवा बाजूला. पहिलं कालवन तुमच्या हातचं होऊ दे! आमच्या ह्यांनी सकालीच धरल्यात, जित्या हायेत.”

तिच्या नवऱ्याने, भिवाने, छाती फुगवून घमेलं पुढ्यात ठेवलं. आत वळवळ चालली होती.

“हात दुखतोय गो माझा.”

“मगाशी टाळ्या पिटताना नाय दुखला तो?”

लोक हसले. करिश्मा पांढरीफटक पडली. “काकी, आत्या दमलीय. मी करते ना!”

“तू रोजच करनार हायेस. आज हिचा मान.”

चंद्रभागाबाईंनी डोळे मिटून एक बोट पुढे केलं. निवटीने जी उडी मारली ती थेट नव्या शालीवर.

“अगो आई गो!” चंद्रभागाबाई या वयात खुर्चीवर उभ्या! “अवो, बघत काय बसलाव? उठा! तुमचं काम हाय ना ते!”

सगळ्यांच्या माना गुणाजीकडे वळल्या. गुणाजी सावकाश उठला, बाह्या सारल्या, निवटी शालीवरून अलगद उचलली आणि म्हणाला, “राख आन गो, करिश्मा.”

राखेचं ताट करिश्माच्या हातात तयारच होतं. “सुटले गं आत्या! गुणाजीकाकांनी शपथ घातलेली. मागच्या दारी राखण करायची मी. कोणी आलं की खोकायचं, आणि पगार म्हणून टोपातली पहिली निवटी. तिथे बसून बसून तर शिकले सगळं.”

“म्हंजे तुला म्हाईत होतं?”

“मग! काकी उठल्या तेव्हा वाटलं, तुझी अब्रू आणि माझी पाटी आज एकदमच खाली येणार.”

खुर्चीवर उभ्याउभ्याच चंद्रभागाबाईंना हसू फुटलं. इतका मोकळा श्वास लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदाच घेतला असेल. लोकांनी टोप चाटूनपुसून लख्ख केला. पाटी बदलायचं निघालं, तर गुणाजीच म्हणाला, “ऱ्हाऊ दे. माझ्या नावापेक्षा हिचं बरं दिसतं.”

तर झाडून सगळा हिशेब असा. चंद्रभागाबाईंचं नाव पाटीवर राहिलं, करिश्माला गिऱ्हाईक मिळालं, गुणाजीला उशिरा का होईना, चारचौघांत वाहवा मिळाली. विषय उकरून काढणाऱ्या शुभदाचंही काही गेलं नाही. तिने गुणाजीचे सराईत हात पाहिले, मग वळून नवऱ्याकडे पाहिलं.

“बघितलंत? आनि तुमी!”

किंमत चुकवली ती भिवाने. दुसऱ्या दिवसापासून तो पुढच्या अंगणात राखेचं ताट घेऊन बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.