तेवीस नंबरचं जाकीट

कामसिंगने मागून धावत येऊन त्या माणसाच्या जाकिटाचं टोक धरलं. मोटरसायकल निघालीच होती. ती दोन हात पुढे गेली, म्हातारा तिच्याबरोबर फरपटला, आणि मागे बसलेली बाई किंचाळली.

"अहो बाबा, मरायचंय का?"

गाडी चालवणाऱ्या विरातने करकचून ब्रेक दाबला आणि मान वळवली. त्याचा चेहरा दिसताच म्हाताऱ्याने टोक सोडलं. जाकीट त्याच्या लेकाचं, तोनचं होतं. माणूस तोन नव्हता.

नारिंगी कापड, पाठीवर तेवीस आकडा, आणि डाव्या खिशाखाली जांभळ्या रेशमाचे बारीक टाके. दोन वर्षांपूर्वी लेक सणाला घरी आला होता, तेव्हा त्याच्या आईने, चानपेंगने, मागावरच्या उरलेल्या धाग्याने ते घातले होते. "जांभळं कशाला, लोक हसतील," तोन म्हणाला होता. "हसू देत, गर्दीत ओळखू तरी येशील," असं ती म्हणाली होती.

तीच चानपेंग आता दूर ईशान्येकडच्या रोई एत शहराजवळच्या गावात, घराच्या पडवीत, थंड पेटीत निजली होती. सोमवारी गेली. शनिवारी दुपारी दहन. त्याआधी एकुलत्या एका मुलाने डोकं भादरून, चीवर नेसून तिच्या पेटीपुढे चालायचं होतं. आई मुलाच्या चीवराचं टोक धरून स्वर्गात जाते, हे त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तोन खरं तर विसाव्या वर्षीच एका पावसाळ्यापुरता भिक्खू व्हायचा होता. कामसिंग म्हणाला, आधी भात काढू. पुढच्या वर्षी तेच म्हणाला, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग पोरगा कंटाळून बँकॉकला निघून गेला. चानपेंगने नवऱ्याला त्यावरून एकदाही बोल लावला नाही, आणि आता तेच त्याचं काळीज कुरतडत होतं.

सात महिने पोराचा फोन बंद होता. पत्ता ठाऊक नव्हता, आकडा तेवढा ठाऊक होता. बैलाच्या कानातल्या बिल्ल्यासारखा एका आकड्याचा एकच धनी असणार, असं धरून म्हातारा मंगळवारी निघाला. इथे उतरल्यावर कळलं, की प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी भाडी मारणाऱ्या मोटरसायकलवाल्यांचा अड्डा, आणि प्रत्येक अड्ड्यावर एक तेवीस. बुधवार आणि गुरुवार उन्हात गेले. एक तेवीस जाडा निघाला, एक बाई निघाली, एकाने तर त्याला हाकललंच. लेकासाठी आणलेला टोपलीतला चिकट भात आंबला, तो त्याने स्वतःच खाल्ला. आज शुक्रवार, आणि परतीची बस सहाची.

अड्ड्यावरच्या लोकांनी त्याला बाकावर बसवलं, बर्फाचं पाणी दिलं. सगळे त्याच्याच मुलखातले होते, बोलण्यावरून त्यांनी लगेच ओळखलं.

"तोन ना? आत्ताच भाडं घेऊन गेला," थोंगदी म्हणाला. हा अड्ड्यावरचा सगळ्यात जुना माणूस, आणि खोटं बोलण्यात सगळ्यात कच्चा.

"मग त्याचं जाकीट याच्या अंगावर कसं?"

थोंगदी बाटलीच्या बुचांनी डाव खेळत होता. त्याने गडबडीत समोरच्याचंच बूच सरकवलं. "होते अदलाबदल, बाबा. धुवायला टाकलं की..."

"त्याची आई गेली रे."

बुचं तशीच राहिली. एक पोरगी येऊन बाजारापर्यंत सोडता का, असं दोनदा विचारून गेली, कुणी उठलं नाही. शेवटी विरातच म्हाताऱ्यापुढे उकिडवा बसला.

"बाबा, तो तुरुंगात आहे. कुणाचं तरी पार्सल पोचवायला घेतलं, आत नशेच्या गोळ्या निघाल्या. गावाला कळवायचं नाही म्हणून शपथ घातली होती त्याने आम्हाला. आईला कळलं तर ती मरेल, म्हणाला. जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून जाकीट माझ्याकडे आलं."

"किती वर्षं?"

"नऊ."

कामसिंगने टोपलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"एका दिवसासाठी सोडतील का त्याला? त्याच्या जागी मी बसतो. म्हातारा माणूस, पळून कुठं जाणार?"

"तसं नसतं, बाबा."

"विचारून तर बघा!" तो ओरडला. मग त्याचा आवाज फुटला आणि भर रस्त्यात तो लहान मुलासारखा रडू लागला. "मग तिनं धरायचं काय? सांगा ना, तिनं धरायचं तरी काय?"

विरात उठला, गाडीला किक मारली आणि निघून गेला. कामसिंगला त्याचा राग आला नाही. परक्याचं रडणं कोण किती वेळ बघणार?

दीड तास झाला. साडेचारला म्हातारा टोपली घेऊन उठला, तेव्हा विरात परत आला. त्याने हेल्मेट काढलं. डोकं गुळगुळीत भादरलेलं होतं आणि भिक्खूंसारख्या भुवयाही नाहीशा झाल्या होत्या.

"अरे देवा!" थोंगदी उडालाच. "हे थोबाड बघून गिऱ्हाईक पळून जाईल की रे! गावी जाऊन भादरायचं ना."

"गावी पोचेपर्यंत मन फिरलं असतं तर? म्हणून आधीच उरकलं." मग त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. "माझी आई गेली तेव्हा मी भाडं घेऊन पुलावर अडकलो होतो. घरी पोचलो तोवर राखसुद्धा गार झाली होती, बाबा."

कामसिंगने टोपली खाली ठेवली.

"तू माझा मुलगा नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"गाव विचारेल, हा कोण."

"सांगा, तेवीस नंबर."

विरात जाकीट काढून थोंगदीकडे द्यायला लागला. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला.

"राहू दे अंगावर. तिला ओळखू येईल."

बसस्थानकाकडचा रस्ता तुंबला होता. "धरून बसा, बाबा," विरात म्हणाला. तीन दिवस कामसिंग ज्याच्या त्याच्या गाडीवर मागची लोखंडी दांडी धरून बसला होता. परक्याला धरायचा त्याला संकोच वाटे. चौकात एक टेम्पो आडवा आला, गाडी कलली, आणि त्याने दांडी सोडून जांभळ्या टाक्यांखालचं जाकिटाचं टोक धरलं. रस्ता पुढे मोकळा झाला, तरी त्याने ते सोडलं नाही.